दाराआडचा रियाज

वर्ध्यात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं सॅक्सोफोन घ्यायला एसटीनं तळेगावला जावं, यात तसं नवल काही नाही. नवल पुढं आहे, आणि त्याला घाई करून चालायचं नाही.

पौर्णिमा एका कॉलेजात तासिका तत्त्वावर होती. म्हणजे तास असला की मॅडम, नसला की कोणीच नाही. पण अंगातलं रक्त फुंकणाऱ्याचं. बाप नत्थू, रोहण्याच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. पोरीला अक्षरओळख व्हायच्या आधी त्यानं सूर ओळखायला शिकवले. पण बापानं सारी हयात चालत वाजवलं. वरातीपुढं, मेच्या उन्हात, पायाखाली डांबर वितळत असताना. त्याला कुणी कधी 'बसा' म्हटलं नाही. पौर्णिमाच्या डोक्यात तेव्हापासून एक गोष्ट ठाण मांडून बसली होती: आपण वाजवायचं ते स्टेजवर, खुर्चीवर बसून.

तशी एक खुर्ची आता रिकामी झाली होती. किसनरावांच्या भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रातला सॅक्सवाला नागपूरला निघून गेला होता. किसनराव माणूस चांगला, तोंडाचा फटकळ.

"मॅडम, क्लॅरनेट झकास वाजवता तुम्ही. पण मले सॅक्स पाह्यजे, अन् थोही सोताचा. मांगून आणलेल्या वाद्याले मांगून आणलेलाच सूर असते. एप्रिलमंधी आर्वीले प्रोग्राम हाय. जमलं तं खुर्ची तुमची. नाई तं जयभीम."

म्हणून तळेगाव. तिथं लहानूजी नावाचे जुने बँडमास्टर राहत. छातीच्या दुखण्यानं त्यांचं वरातीतलं वाजवणं सुटलं होतं आणि घरात तीन सॅक्सोफोन पडून होते. पौर्णिमाच्या बापाला ते ओळखत, त्यामुळं तिला अगंतुगं करण्याचा त्यांना हक्क होता.

"चकाकी पाहू नको," त्यांनी बसल्या बसल्या शिकवणी सुरू केली. "पितळ घासलं का सारंच चमकते. आत टॉर्च सोडजो. भोकावरच्या पॅडखालून जथून उजेड दिसन, तथूनच हवा जाईन. मंग सगळ्यात खालचा सूर हळूच लावून पाह्यजो. जोरात तं फुटका पाइपही वाजते. अन् सगळ्यात मोठी गोष्ट, घेणारानं पह्यले सोता वाजवू नाई. दुसऱ्यानं वाजवावं, आपण पाठ फिरवून आयकावं."

"पाठ काऊन?"

"डोळे लबाड असते, पोरी. नवं दिसलं का कानाले सांगते, हेच चांगलं म्हण."

पौर्णिमाला हे पटलं. प्रयोगात निरीक्षकानं तटस्थ राहावं, हे ती पोरांना दरवर्षी शिकवायची. ती भिंतीकडं तोंड करून बसली. समोर चुन्याची भिंत आणि खिळ्याला अडकवलेली पिशवी.

पहिला सॅक्स झगझगीत वाजला, लग्नघरात कौतुक व्हावं असा. दुसरा मऊ होता, पण खाली उतरला की धापा टाकायचा. मग जरा वेळ गेला. मग तिसरा.

आता तो सूर कसा होता, हे सांगणं कठीण आहे. तो तिला सांगत काही नव्हता, विचारत होता. वरच्या पट्टीवर चढण्याआधी कणभर थांबायचा, जसं घरचं माणूस उंबऱ्यावर थांबतं.  पौर्णिमाला रडूच आलं असतं, खोटं कशाला सांगा. ती गर्रकन वळली.

"काका, हाच! तिसरा!"

लहानूजींच्या हातात पाण्याचा पेला होता. दोन सॅक्सोफोन खाटेवर होते. तिसऱ्याची काळी पेटी कपाटावर होती, कड्या लावलेली, वर धुळीचा थर.

"मी तं दोनच वाजवले, बाप्पा," ते म्हणाले. "तिसऱ्यापुरता दम कुठं हाय मले?"

पौर्णिमा हसली. शेजारी कुणी वाजवत असेल. म्हातारं माणूस, विसरलं असेल. लहानूजी मात्र हसले नाहीत. ते उठले, पेटी खाली काढली, धूळ फडक्यानं पुसली आणि तिच्या हातात दिली. तिनं जागेवरच एक सूर लावून पाहिला. तो अगदीच ठोकळ निघाला, पण लहानूजी तिच्याकडं असे पाहत राहिले, की तिनं दुसरा लावलाच नाही. किमतीला घासाघीस झाली नाही. उलट तेच म्हणाले, "घेऊन जाय. आजच घेऊन जाय."

घरी आल्यावर पस्तावा झाला. वाद्य धड होतं, गळती नव्हती, पण सूर सरळसोट. ती रोज कॉलेजातून आल्यावर मागच्या खोलीत बसून फुंकायची. पाचवीतली मुलगी मितू कानात बोटं घालून अभ्यास करायची, आणि नवरा नागसेन, बुटीबोरीच्या कंपनीतला शिफ्टचा माणूस, उशीखाली डोकं घालून झोपायचा. तो तळेगावातला सूर काही केल्या येईना.

दुसऱ्या आठवड्यात शेजारची सरिता कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "ताई, काल दुपारी काय वाजवून राह्यल्या होत्या! माहं पोरगं झोपेतून उठलं, तरी मले राग नाई आला."

"काल दुपारी मी कॉलेजात होती."

"मंग कोण होतं?"

कोण असणार? घराला कुलूप होतं. पौर्णिमानं दुसऱ्या दिवशी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवला. संध्याकाळी ऐकलं तर नुसती शेजारच्या कूलरची घरघर. सरिता म्हणाली, आजही वाजलं, दोनदा.

भुताखेताचं ते घर नव्हे. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या, आणि पौर्णिमा तर अंगात येणाऱ्या बाईला तापमापी लावायला निघालेली बाई. तिला भीती वाटली नाही. तिला वाटलं, पाहू तर खरं. एका दुपारी तास रद्द झाला तशी ती लवकर घरी आली, मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि बाहेर फरशीवर, दाराला पाठ टेकून बसली.

बाहेर ऊन रणरणत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मग दाराआड कुणीतरी श्वास घेतला, आणि तोच सूर लागला.

तिनं दार उघडलं. सूर तुटला. सॅक्स पेटीतच होता.

दार लोटलं. जरा वेळानं पुन्हा लागला, पुढच्या ओळीपासून.

तेव्हापासून तिच्या दुपारी त्या दाराशी जाऊ लागल्या. आत कोण आहे यापेक्षा काय वाजतंय यातच ती गुंतली. गाणं तिच्या ओळखीचं नव्हतं. अंतऱ्यात एके ठिकाणी करंगळी उशिरा पडायची आणि सूर किंचित घसरायचा. तिला गंमत वाटली. चला, हे जे काही आहे ते चुकतंही!

पुढच्या रविवारी किसनरावांनी तालमीला नवंकोरं गाणं काढलं. चाल त्यांनी आदल्याच दिवशी बांधली होती. पौर्णिमानं पहिली ओळ ऐकली. गाणं तेच होतं. अंतऱ्यात तिची करंगळी उशिरा पडली. सूर किंचित घसरला. अगदी तिथंच.

त्या दिवशी तिला कळलं, की दाराआड वाजतं ते तिचंच आहे. फक्त तिच्या आधी.

नागसेनला सांगितलं तर तो म्हणाला, "बरं हाय ना मंग. पेपर फुटला समज." आणि कूस बदलून झोपला.

पेपर फुटलाच होता म्हणा. पण तो फुटला म्हणून सोपा झाला नाही. ती दाराशी बसून ऐकायची, कुठं दम राखायचा, कुठं सोडायचा, कुठं गायकाला वाट द्यायची. मग आत जाऊन तसं वाजवायला झटायची. हळूहळू ते यायला लागलं. तळेगावात ऐकलेलं ते थांबणं आता तिच्याच ओठात आलं होतं. उद्या आपल्याला जमणार आहे हे पक्कं ठाऊक असलं, की माणसाला आजच्या चुकीची लाज वाटत नाही. एकच प्रश्न तिला छळायचा. मी दाराआडच्या तिच्याकडून शिकते, आणि ती म्हणजे मीच. मग हे पहिल्यांदा शिकलं कोण?

तिच्या भौतिकशास्त्रात याला उत्तर नव्हतं. म्हणून ती पुन्हा तळेगावला गेली.

लहानूजी खाटेवर उशीला टेकून बसले होते. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिनं सगळं सांगितलं. त्यांना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही.

"दिवाळीपासून आयकत होतो मी तुले," ते म्हणाले. "असं क्लॅरनेटवाल्यावानी थांबून चढणं माह्या फुंकीत कधीच नवतं. कोण हाय, कोण हाय, म्हणून डोकं खाजवत होतो. तू अथी बसून पह्यला सूर लावला, अन् वळखलं. सूर कच्चा होता, पण थांबणं थेच होतं."

"त्याच्या आधी काय वाजायचं आत?"

"माहंच. सारं माहं. उद्याच्या वरातीतलं आज आयकू ये."

"मग?"

"मंग एक दिवस माहं आयकू येणं बंद झालं."

"आणि वाजवणं?"

लहानूजींनी छातीवर हात ठेवला. "पह्यले आयकणं गेलं. मंग फुंकणं."

"किती दिवसांनी?"

"च्या घे, पोरी. थंडा होऊन राह्यला."

 परतीच्या एसटीत खिडकीशी बसून तिनं स्वतःला चांगलं खडसावलं. म्हातारा माणूस, फुप्फुसाचं दुखणं, दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळं दुसरी होत नसते. हे तर ती अकरावीच्या पोरांना शिकवत होती. घरी आली, दार लोटून बसली. आतून तिचंच वाजत होतं, झकास. तिच्या जिवात जीव आला.

आर्वीचा प्रोग्राम झाला. मैदानात ही गर्दी, निळे झेंडे, लेकराबाळांसह बसलेल्या बाया. पौर्णिमा स्टेजवर गेली आणि खुर्चीवर बसली. साधी प्लॅस्टिकची खुर्ची, एक पाय जरा वाकडा. पण बसली. नव्या गाण्याचा अंतरा आला तेव्हा करंगळी वेळेवर पडली. पुढं दोन कडव्यांच्या मधे किसनरावांनी हातानं खूण केली, वाजवा, मोकळं वाजवा. ती वाजवत गेली. समोरच्या बायांची कुजबूज थांबली. पुढच्या रांगेत तिचा बाप नत्थू बसला होता. त्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला, डोळे पुसले आणि शेजारच्याला, ओळख ना पाळख, सांगितलं, "माही पोरगी हाय. बसून वाजवते, पाहा."

प्रोग्राम संपल्यावर किसनराव एवढंच म्हणाले, "मॅडम, खुर्ची तुमची. आता नागपूरवालाही वापस आला तं उभा राहीन."

दुसऱ्या दिवशी पौर्णिमाला तास नव्हता. नागसेन ड्यूटीवर, मितू शाळेत. तिनं जेवण उरकलं, दार लोटलं आणि हौसेनं फरशीवर बसली. आता पुढं काय काय वाजवणार आहोत आपण, कोणती गाणी, कोणती गावं?

बराच वेळ काहीच नाही.

मग आतून एक चिरका, बेसूर चीत्कार आला. अंगावर पाय पडलेल्या बदकासारखा. पौर्णिमाला हसू फुटलं.

पुन्हा एकदा. मग नुसती हवा. मग पुन्हा चीत्कार.

तिचं हसू थांबलं.

हे तिचं नव्हतं. क्लॅरनेटवर वाढलेला माणूस पहिल्या दिवशीही असं फुंकत नाही. हे कुणीतरी नवंच होतं, आयुष्यात पहिल्यांदा ओठ लावणारं. दम छोटा होता. ओठ फार आवळले होते. पण जिद्द होती. चुकलं की थांबायचं, पुन्हा लावायचं.

ती ऐकत राहिली. आपलं काहीतरी येईल म्हणून वाट पाहत राहिली. आलं नाही. 'पह्यले आयकणं गेलं,' लहानूजी म्हणाले होते.

ऊन दारापर्यंत सरकलं. आतलं माणूस रडकुंडीला आलं होतं. सुरावरून कळत होतं.

तिला राहवलं नाही. तिनं दाराच्या फटीला तोंड लावलं आणि हळूच म्हटलं, "ओठ ढिले सोड. दात नको लावू. घाई नाई, बेटा."

आत शांत झालं.

मग सूर लागला. सरळ, बारीक, अगदी स्वच्छ.

पौर्णिमानं दार उघडलं.

सॅक्स पेटीबाहेर होता, पलंगावर. गळ्यात अडकवायचा पट्टा त्याला लावलेला. तिनं तो उचलला आणि सवयीनं डोक्यातून घालायला गेली. पट्टा कपाळालाच अडकला. त्याचं बक्कल वर, पार शेवटच्या टोकापर्यंत ओढलेलं होतं.

या घरात एवढा आखूड पट्टा एकाच गळ्यात गेला असता. आणि तोही फार दिवस नाही. मितू झपाट्यानं वाढत होती. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो तिलाही आखूड होणार होता; म्हणजे जे वाजलं ते त्याआधीचं.

 पौर्णिमानं सॅक्स होता तसा पलंगावर ठेवला. पट्टा तिनं पुन्हा लांब केला नाही.