डोळ्यामागची नस

हरिदास मला पहिल्यांदा भेटला तो गडचिरोलीच्या दवाखान्यात, सरळ माझ्या अंगावर धडकून. एकोणनव्वद सालचा उन्हाळा. डोळ्यांच्या ओपीडीत मी नवी नर्स.

"दिसत नाई काय?" मी चिडले.

"तेच सांगाले आलो, सिस्टर... या बाजूनं कमी दिसून राह्यलं मले."

तो आलापल्लीच्या लाकूड डेपोत नोकरीला होता. मी लाल बाटली समोर धरली. डाव्या डोळ्याला ती लालच दिसली, उजव्याला — "फिक्की. धुतल्यावानी." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "तुमी मात्र दोन्हीकून चांगल्या दिसता."

"नाव सांगा आधी," मी म्हटलं. कान मात्र तापले.

डॉक्टरांना काळजी वाटली. डोळा बाहेरून निरोगी होता. बिघाड मागे, मेंदूकडे जाणाऱ्या नसेत. सूज असेल तर उतरेल. गाठ असेल तर... एक्स-रेत ती नस दिसत नाही. मुंबईत एमआरआयचं नवं यंत्र आलं होतं. डॉक्टरांनी त्याला तिकडे धाडलं.

निघण्याआधी तो ओपीडीच्या दारात आला.

"चंदाबाई, गाठ निघाली, अन् दिसणंच गेलं तर? एकदा नीट पाहून घेऊ द्या."

तो पाहत राहिला. मीही मान खाली घातली नाही.

परतला तेव्हा हातात मोठी काळी फिल्म होती. डॉक्टरांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि मी पुढे वाकले. हरिदासच्या डोक्याची आतली बाजू! दोन गोल डोळे, त्यांच्यामागे दोन बारीक नसा. ना सुरी लागली, ना टाका... फक्त चुंबकाच्या जोरावर जिवंत माणसाच्या आतलं इतकं नाजूक काही दिसावं? उजवी नस जरा जाड होती, उजळ.

"गाठ नाही. सूज आहे," डॉक्टर म्हणाले. "उतरेल."

ते वॉर्डात गेले. मी पदरानं डोळे टिपले.

"आता तर थोडं साफ दिसून राह्यलं," हरिदास म्हणाला. "त्या मशीनच्या बोगद्यात हलू देत नाई. नुसतं ठकठक, ठकठक... भेव वाटे. मंग डोळे मिटून तुमालेच पाहत होतो."

"मंग या फोटोत मी कुठी हावो?"

"मशीनले नसच दिसते, चंदा." पहिल्यांदाच 'बाई' गळलं. "तुह्या बाबाले विचारू काय... आपल्या लग्नाचं?"

बाहेर पेशंट ताटकळले होते. मी दाराकडे निघाले, थांबले —

"रविवारी विहारात या. वंदना झाली का बाबा मोकळेच असतात."