रिकाम्या बशीतला खाऊ

"काय हरवलंय? कानातलं?"

ओहोटीच्या ओल्या वाळूत मी गुडघे टेकून बसले होते. हातात चमचा, पाठीवर रिमझिम. वर पाहिलं तर आमच्या संशोधन केंद्रातला नवा पंपवाला... समुद्राचं पाणी प्रयोगशाळेपर्यंत आणणारे पंप आणि नळ सांभाळायला नुकताच आलेला. उत्तराची वाट न पाहता तोही पँट दुमडून वाळू चाचपायला लागला.

"हरवलं काही नाही. कृमी गोळा करतेय."

"दिसत तर नाहीत."

"केसाएवढे असतात. तोंड नाही, पोटही नाही."

"मग जेवतात कशानं?"

"कातडीनं. समुद्राच्या पाण्यात खाऊ विरघळलेला असतो... अगदी कणभर. तो अंगानंच शोषून घेतात. बाकीचं कातडीखाली राहणारे जिवाणू बनवून देतात."

"म्हणजे आचारीसुद्धा घरातच ठेवलाय! ऐट आहे."

मी खळखळून हसले. आई म्हणते, देवानं या मुलीला तोंड दिलंय, पण ही ते फक्त जांभई द्यायला वापरते. त्या दिवशी आईनं मला ओळखलंच नसतं.

मग तो प्रयोगशाळेत यायला लागला.

"नळ बघायचा होता."

"कालच बघितलात."

"आज पुन्हा बघावासा वाटला."

"नळ?"

"...नळच."

मी घाईघाईनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची. खाली काही ठेवलेलं नसायचं. त्याला ते कळत होतं की नाही, कोण जाणे! पण जाताना तो दार फार हळू लोटायचा.

माझा प्रयोग म्हटला तर सोपा. काचेच्या बशीत शुद्ध केलेलं समुद्राचं पाणी, त्यात थेंबभर खाऊ, मग कृमी. किती खाऊ कमी झाला ते मोजायचं. एक बशी मात्र रिकामी... तिच्यात कृमी नाहीत, खाऊ नाही, नुसतं पाणी. तिचा आकडा शून्य यायलाच हवा. हल्ली तो येत नव्हता. कुठूनतरी चिमूटभर खाऊ रोज तिच्यात उतरत होता.

"ही बशी शून्यावर आली नाही, तर तुझ्या बाकीच्या आकड्यांना काडीचा अर्थ नाही," आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या. "महिनाअखेर प्रयोग बंद. टेबल दुसऱ्याला द्यावं लागेल."

तीन वर्षं मी या प्रयोगावर घालवली होती, आणि दुसरं काही मला येतही नव्हतं. राग निघाला तो पंपवाल्यावर. "तुमच्या नळातूनच घाण येतेय!" त्याचं तोंड एवढंसं झालं. दोन दिवस खपून त्यानं सगळे नळ नि पाइप घासून काढले, बोटांची सालं निघाली. तरी आकडा हलला नाही.

एकदा ओहोटी लवकर होती, म्हणून मीही लवकर आले. बेसिनपाशी तो उभा होता, बाह्या सरसावून. माझ्या बश्या धूत होता. प्रत्येक बशीत आतून अंगठा फिरवायचा, उजेडात धरून बघायचा...

"हे काय करताय?"

तो दचकला. "भांडी धुणाऱ्या मावशी सुट्टीवर गेल्यात ना. तुम्ही संध्याकाळी इतक्या दमून जाता... म्हटलं, सकाळी आयत्या मिळाव्यात."

"हातमोजे न घालता?"

"बश्यांना कशाला हातमोजे?"

माणसाच्या बोटांच्या घामात तोच खाऊ असतो. इतक्या बारीक मोजणीत एक बोटसुद्धा पुरतं. मावशी हातमोजे घालायच्या, आणि आता त्यांच्या जागी बदलीवर आलेली बाई धूत असेल असं मी धरून चालले होते. रोज रिकाम्या बशीत मी मोजत होते तो या माणसाचा अंगठा!

"माझी तीन वर्षं पाण्यात घातलीत तुम्ही!" मी ओरडले. नको ते बोलले. त्यानं हात पुसले आणि तो तडक बाईंकडे गेला. त्याचं नाव मी घेणार नव्हते, त्यानं स्वतःच सांगून टाकलं. बाईंनी मला महिनाभराची मुदत वाढवून दिली, आणि त्याला प्रयोगशाळेची बंदी घातली.

त्यानंतर बश्या मीच धुतल्या. नळ बघायला कुणी आलं नाही. दार वाजलं की मान वर व्हायची... वारा असायचा. माणूस असा मुरत जातो आपल्यात, आणि आपल्याला पत्ताही नसतो.

शेवटी एका दुपारी आकडा शून्य आला. बाईंनी पाठ थोपटली. प्रयोग वाचला होता. मी त्या शून्याकडे बघत राहिले आणि मला रडूच फुटलं.

धावत पंपघरात गेले. तो वंगण घालत होता. पंपाच्या घरघरीत काही ऐकू येईना.

"शून्य आलं!"

"काय?"

"शून्य! आणि मला रडू आलं!"

"ऐकू येत नाहीये!" त्यानं खटका दाबला.

"त्या बशीत तू नाहीस म्हणून!" मी ओरडले... आणि पंप बंद होता. बाहेरच्या माळीकाकांनीही मान वळवून बघितलं.

माझे कान तापले. पण आता मागे काय फिरायचं!

"मला आवडतोस तू," मी हळू म्हणाले. "शून्य बशीत हवं होतं. बाकी कुठे नको."

तो चाचरत म्हणाला, "पंप... चालू करू का? तुमच्या त्या केसाएवढ्या लेकरांना पाणी जायचं थांबलंय."

"एक मिनिट कळ काढतील," मी म्हणाले, आणि त्याचा वंगणाचा हात हातात घेतला.