उघडी ठेवलेली बाजू

कवळीबाईंना ‘कवळीबाई’ म्हटलेलं मुळीच खपायचं नाही, पण गल्लीत त्यांचं दुसरं नाव कुणाच्या जिभेवरच नव्हतं. तीस वर्षं त्यांनी दातांच्या लॅबमध्ये बसून कवळ्या घडवल्या. कवळी चांगली जमली की ती कवळी आहे हे कुणाला कळत नाही, आणि बिघडली की गावभर होते. म्हणजे आयुष्यभर जे उत्तम केलं ते कुणालाच दिसलं नाही, ही बोच त्यांना होती. ती त्या मनात ठेवायच्या असंही नाही. रोज एकदा तरी बोलून दाखवायच्या.

निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात. विणकाम करून पाहिलं, तिसऱ्या दिवशी सुया फेकून दिल्या. मग एकदा लेकाने विषय काढला. लेक मासेमारीच्या एका लाकडी बोटीवर इंजिन सांभाळायचा. म्हणाला, “आई, आमची बोट करून दे ना छोटीशी. कप्तानाला देऊ, त्याला साठ पुरी होतायत.”

झालं. दुसऱ्याच दिवशी बाई टेप घेऊन बंदरावर हजर. पुढून, मागून, पोटाखालून, जिथे म्हणून वाकता येईल तिथून बोट मापली. कप्तान बघत उभा होता. “काकू, हिला फ्रॉक शिवताय का?” म्हणाला. बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही. तयार तुकड्यांचा संच बाजारात मिळतो, पण तो जोडणं म्हणजे कॉपी करून पास होणं, असं त्यांचं मत. त्यांनी खऱ्या बोटीच्या पन्नासाव्या हिश्शाने आराखडा काढला, जुन्या पलंगाची सागवानी पाटी कापली आणि मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर काम मांडलं.

आधी कणा. मग कण्यावर एकेक फासळी, चोवीस जोड्या, प्रत्येक जोडी वेगळ्या बाकाची. मग फळ्या, म्हणजे आगपेटीच्या काडीहून पातळ पट्ट्या. त्या किटलीच्या वाफेवर धरून वाकवायच्या, वाळवायच्या आणि मगच बसवायच्या, कारण ओली पट्टी वाळताना आकसते आणि फट पडते. खिळे बांबूच्या काडीचे. हत्यारं सगळी लॅबमधली: चिमटे, कोरण्या, आरसा लावलेली दांडी, आणि कवळीच्या साच्याला वापरतात ते गुलाबी मेण. आतलं इंजिनही त्यांनी लाकडाचंच कोरलं. लेकाने ते पाहिलं आणि म्हणाला, “आमच्यापेक्षा हेच बरं चालेल.”

बाईंचे यजमान निवृत्त बस ड्रायव्हर. स्वयंपाक आता त्यांच्याकडे होता आणि त्यावर कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. सातव्या महिन्यात ते चहा घेऊन आले आणि बोटीकडे पाहून थबकले.

“अगं, डाव्या अंगाला खाली तीन फळ्या राहिल्यात.”

“राहिल्या नाहीत. ठेवल्यात.”

“भोक पडल्यासारखं दिसतंय.”

“दिसू दे. आतल्या फासळ्या दिसायला नकोत का? जहाजं करणारे ठेवतात असं. एकदा फळ्या लागल्या की आत काय केलंय ते कुणाला कळणार?”

“कुणाला कळायला हवंय पण?”

“मला,” बाई म्हणाल्या, आणि विषय तिथेच संपला. त्या तीन पट्ट्या कापून, वाकवून तयार होत्या. त्यांनी त्या डबीत घालून ठेवल्या. तो सोमवार होता, आणि त्याच सकाळी लेकाची बोट आठ दिवसांसाठी बाहेर पडली होती.

मंगळवारी सकाळी बोट आतून ओलसर लागली. बाईंनी वर छताकडे पाहिलं. छत कोरडं होतं. यजमानांना विचारलं, “इथे पाणी कुणी सांडलं?” ते म्हणाले, “मी तुझ्या टेबलाजवळ जातो का कधी? जिवाची भीती आहे मला.” बाईंनी फासळ्या मऊ फडक्याने टिपल्या आणि पंखा लावला.

बुधवारी टेबलावर चमचाभर पाणी होतं. लाकूड घाम गाळत नाही, सातशे वेळा हाताळलेलं कोरडं सागवान तर नाहीच. बाईंनी करंगळी बुडवून जिभेला लावली. लॅबमध्ये त्यांना सवयच होती, प्लास्टरसुद्धा चाखून बघायच्या. पाणी खारट होतं. त्यांनी यजमानांना काही सांगितलं नाही, कारण सांगायचं काय, तेच ठरेना.

गुरुवारी खोलीत डिझेलचा वास होता.

शुक्रवारी अकराच्या सुमारास बंदराच्या ऑफिसातून कारकुनाचा फोन आला. माणूस भला होता, सावकाश बोलला. बोट पाणी घेतेय. डाव्या अंगाला, खाली. मंगळवारपासून थोडं थोडं झिरपत होतं, ते उपसून काम चालवत होते, आज फळीच गेली. एक पंप बंद पडलाय. जवळात जवळची बोट पाच तासांवर आहे. “सहाजण आहेत ना वर?” यजमानांनी विचारलं. कारकून म्हणाला, “सहा. तुमचा मुलगा खाली इंजिनापाशी आहे.” मग वायरलेसच तुटला, असंही त्याने सांगितलं.

यजमान फोन हातात धरून तसेच उभे राहिले. बाई मागच्या खोलीत गेल्या.

बोटीत पाणी होतं. अर्धं पोट भरलेलं, हिरवट, हलणारं. इंजिन त्यात निम्मं बुडालं होतं. डाव्या अंगाची ती बाजू उघडी होती आणि त्यातून सगळं पाणी टेबलावर सांडायला हवं होतं. सांडत नव्हतं. उलट बाईंनी त्या उघड्या जागेपाशी हाताचं बोट नेलं, तर त्यांच्या बोटाला घासून काहीतरी गार आत जात होतं, आणि बाहेर तर खोलीतली हवाच होती.

विचार करायला त्यांनी वेळ घेतला नाही. पुढे कित्येकदा त्यांना याचंच नवल वाटलं.

“अहो,” त्यांनी हाक मारली, “मेण गरम करा. गुलाबी. लवकर.”

यजमान आले. त्यांनी बोटीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. बस चालवताना रस्त्यात काही आडवं आलं तर हा माणूस आधी ब्रेक मारायचा आणि मग प्रश्न विचारायचा. त्यांनी निमूट मेणाची वाटी स्पिरिटच्या दिव्यावर धरली.

पहिली फळी बसली. हात सवयीने चालत होते. तीस वर्षांत हजारो जबड्यांनी शिकवलेले हात होते ते, आणि बाईंना त्या घडीला आपल्या हातांचे उपकार वाटले. दुसरी फळी बसली, तिच्या कडेने मेण ओतलं. आत इंजिन दिसेनासं झालं होतं.

तिसरी बसेना.

चार दिवसांच्या ओलीने फासळ्या फुगल्या होत्या. फळी नखभर आखूड पडत होती. नवी कापायची, वाकवायची, वाळवायची, तर दोन तास. बाईंनी फळी खाली ठेवली आणि डाव्या हाताची तर्जनी त्या फटीवर दाबली. भोवतीने यजमानांनी मेण सोडलं. चटका बसला, पण बोट हललं नाही.

आत ओढलं जाणं थांबलं.

“आता?” यजमानांनी विचारलं.

“आता बसायचं.”

त्या बसल्या. दुपार खिडकीतून टेबलावर आली आणि तिथून भिंतीवर गेली. यजमानांनी पाठीमागे उशी दिली, पाण्याचा पेला तोंडाला लावला, आणि स्टूल ओढून शेजारी बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते दोघं इतका वेळ भांडले नाहीत. एकदाच ते म्हणाले, “तू ती बाजू उघडी ठेवलीस म्हणून...” आणि थांबले. बाई म्हणाल्या, “माहीत आहे.” त्यांनी मग आपला हात बाईंच्या मनगटाखाली आधाराला धरला आणि शेवटपर्यंत काढला नाही.

बाईंच्या बोटाच्या पेराला दातात अडकलेला केस कळायचा. त्या पेराला, आतल्या बाजूने, काहीतरी लागलं.

मसुराच्या दाण्याएवढं. ऊबदार. ते टेकलं आणि टेकूनच राहिलं.

मग दुसरं. मग एकदम दोन.

“अहो,” बाई कुजबुजल्या, “हात लावतायत.”

पाचवं आलं. सहावं यायला फार वेळ लागला. त्या वेळात बाईंनी काय काय कबूल केलं, कुणाकुणाला काय काय देऊ केलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मग तेही आलं, सगळ्यांत खाली, आणि जोराने टेकलं. बाई रडायला लागल्या. “सहा आहेत. सगळे आहेत,” एवढंच त्या म्हणत राहिल्या, आणि यजमान मान हलवत राहिले.

साडेचारला फोन आला. दुसरी बोट पोचली होती, दोर लावून ओढून आणत होती. सहाही जण सुखरूप. रात्री उशिरा एकेक करून ते दाणे बोटावरून उठले. खालचा सर्वांत शेवटी. तेव्हा कुठे बाईंनी बोट काढलं आणि फट मेणाने बुजवली.

लेक रविवारी घरी आला. आंघोळ करून जेवायला बसला तर खाता खाता झोपतच होता, तरी बोलत होता.

“सुताराने बोट वर घेऊन पाहिली. फळी वर्षभर आतून कुजत होती म्हणाला, आज ना उद्या जाणारच होती. आणि आई, तिथे गुलाबी मेणासारखं काहीतरी चिकटलेलं होतं. बोटीएवढ्या मेणबत्त्या वितळवल्यात का, असं विचारत होता.”

यजमानांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी लेकाच्या ताटात भात वाढला. सुताराचं ते वाक्य त्यांनी मनात पुन्हा पुन्हा घोळवलं. फळी कुजलेली होती. आज ना उद्या जाणारच होती. त्या अनोळखी सुताराचे पाय धरावेत असं त्यांना वाटलं.

“पाणी कमरेवर आलं होतं,” लेक म्हणाला. “काळोख. आणि एकदम भोकावर बाहेरून काहीतरी येऊन बसलं. मऊ. मला वाटलं मोठा मासा. कप्तानाने हात लावला आणि म्हणाला, हात लावा रे, गरम आहे हे, जिवंत आहे. मग आम्ही सगळे हात टेकून बसलो. भीती नाहीच वाटली, आई. आजारी असताना तू कपाळाला हात लावायचीस, तसं वाटत होतं.”

यजमान उठून उगाचच खिडकीपाशी गेले आणि तिथेच डोळे पुसून आले. बाईंना वाटलं, एवढं मिळालं, आता आयुष्याकडे काही मागणं नाही. लॅबमधली तीस वर्षं, मेणाचे चटके, कुणी न पाहिलेलं सगळं काम, सगळं पावलं.

“वर शेवटी कोण आलं?” त्यांनी विचारलं.

“मीच. बंदर आलं तसे एकेक जण वर गेले. मी दिवा फिरवून बघितलं आणि निघालो.”

“खाली कुणी राहिलं नव्हतं ना?”

“कोण राहणार? सहाच तर होतो.”

“बरं केलंस बघून,” बाई म्हणाल्या. त्यांचा डावा हात मांडीवर होता, पदराखाली.

सहाजण गेले तेव्हा त्यांना कळलं होतं, एकेकाचं जाणं वेगळं कळलं होतं. पण त्या सहांच्या नंतर, अगदी नखाच्या कडेला, आणखी एक येऊन टेकलं होतं. बाकीच्यांहून लहान आणि थंडगार. ते उठलं नव्हतं. दोन दिवस त्यांनी हात धुतले, पुसले, भांडी घासली, तरी ते तिथेच होतं. झटकून टाकायचं मात्र बाईंच्या मनात आलं नाही. त्या पाण्यातून जे कुणी आलं होतं, त्यालाही बुडायचं नव्हतं.

लेकाचं जेवण झालं. बाई ताट उचलायला उठल्या, तेव्हा नखाच्या कडेला, त्या सातव्याच्या शेजारी आठवं येऊन टेकलं.