पप्पांचं जुनं पोकलेन

"अगं थांब! माती ढासळेल!" श्रुतिका वरून ओरडली, पण तेजल खड्ड्यात उतरलीसुद्धा! यज्ञेश तिच्यामागून घसरतच आला.

मे महिन्याची सुट्टी, घाटकोपरच्या नव्या इमारतीच्या पायाचा खड्डा, आणि जेवणाची वेळ म्हणून काम बंद. काल इथली पाण्याची पाइपलाइन फुटली नि शेजारच्या, ह्या तिघांच्या अख्ख्या चाळीची वाट लागली. मुकादम नंदकिशोरनं बघायचेही कष्ट घेतले नाहीत. "खंडूचंच ते जुनं धूड! भंगारात काढा, आणि खंडूला घरी पाठवा!"

खंडू म्हणजे तेजलचे पप्पा. तेजलच्या जन्माआधीपासून ते पोकलेन त्यांच्या हातात होतं. काल रात्री ते जेवलेच नाहीत, आणि तेजलच्याही घशाखाली घास उतरला नाही.

"यज्ञेश, हे ओरखडे बघ! फुटक्या पाइपाला लागूनच आहेत. सगळे सलग!"

"मग?"

"अरे बावळट, पप्पांच्या पोकलेनच्या बकेटचा मधला दात दिवाळीतच तुटलाय! त्यांचे असते तर मध्ये जागा सुटली असती. इथं दोनच मशीन आहेत, म्हणजे हे त्या नव्या मशीनचे आहेत!"

"आयला! म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!"

तिघांनी नंदकिशोरला अक्षरशः ओढत आणलं. ओरखडे पाहून मागोमाग आलेला नव्या मशीनचा चालक मिथुन रडकुंडीला आला. "एसी लावला होता, काचा बंद, वर गाणी. लोक ओरडले ते ऐकूच आलं नाही. नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो."

"शाब्बास पोरांनो!" नंदकिशोर म्हणाला. मग एकदम त्याचा चेहरा पडला. "अरे देवा... भंगारवाला!"

सगळे फाटकाकडे धावले. उशीर झाला होता. गॅस कटरनं पोकलेनचा लांब हात कापून जमिनीवर टाकला होता. पप्पा शेजारी उभे होते.

"पप्पा, तुमची चूक नव्हती! आम्ही शोधून काढलं!"

"गुणाची गं माझी पोर." त्यांनी डोळे पुसले. "नवं मशीन चांगलंच आहे, बाळा. धूर नाही, पाठ मोडत नाही. पण ह्या जुन्यात बसलं की खालच्या माणसाची हाक ऐकू यायची."

"चुकलो, खंडूभाऊ," नंदकिशोर खाली मान घालून म्हणाला. "आजपासून नवं मशीन तुम्ही चालवा."

गलका ऐकून जमलेल्या चाळकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पप्पा नव्या केबिनमध्ये चढले. जुन्यात मशीन चालवायचे उंच दांडे असायचे, तिथं त्यांचा हात सवयीनं गेला आणि नुसत्या हवेत मिटला. तेजलला पुढं टाळ्या वाजवता आल्या नाहीत.