सुकटचं आळं

“मेलेल्या कुत्रीला पाणी पाजायला रोज मोटर लावतेस तू. शेजारच्या ज्युलीआंटीने फोन करून सांगितलं मला.”

“ज्युलीला म्हणावं, आपल्या कोंबड्या सांभाळ. मी वाडी शिंपते.”

“कसली वाडी, आई? चार केळी नि पाच-सहा माड उरलेत. बाकी तिन्ही बाजूंना बिल्डिंगा.”

“उरलेल्या माडांनाही तहान लागते.”

केयूर माझा मुलगा. विरारला वरच्या मजल्यावर राहतो. मला न्यायलाच आला होता. माझ्या लुगड्यांची पिशवी त्यानेच भरून ओट्यावर ठेवली होती. इथल्या, उमेळे गावच्या घराला त्याच संध्याकाळी कुलूप लागायचं होतं, आणि मी अडून बसले होते.

का अडले, ते तुम्हाला सांगते. हसायचं असेल तर हसून घ्या.

सुकट माझी कुत्री. पिल्लू असताना सुकटीच्या टोपलीत झोपलेली सापडली, म्हणून हे नाव. केयूरचे बाबा गेल्यावर माझ्याशी बोलणारं तेवढंच उरलं. बोलायचं म्हणजे मी शिव्या द्यायच्या आणि तिने शेपूट हलवायचं. पाणी सोडलं की पाटातून माझ्यापुढे चालायची. शेवटच्या आळ्यात पाणी पोचलं की आधी ती प्यायची, मग माड.

उन्हाळ्यात गेली. आमच्या घरात मेलेलं जनावर वाडीबाहेर टाकत नाहीत. नव्या माडाच्या आळ्यात पुरतात, वर मीठ घालतात, रोप लावतात. मी दोन आळी शेजारी शेजारी खणली होती. विहिरीकडच्या आळ्यात तिला ठेवलं. रोपं दोन्हीत लावली, दोन्ही बकरीने खाल्ली. आता नुसते दोन खळगे, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे.

पुढे एकदा दिवेलागणीला पाणी सोडून मोटर बंद केली, तर अंधारातून आवाज आला. लप… लप… लप… पाणी मुरताना असं वाजत नाही. पाणी मुरताना मी जन्मभर ऐकलंय.

भुताखेतांना मी कायम हसत आले. शाळा लवकर सुटली, पण चार बुकं माझी मी वाचलीत. घाबरले नाही. विहिरीच्या पायरीवर बसून ऐकत राहिले. जवळ गेले नाही. पिणाऱ्याला दचकवू नये. मग रोज त्या वेळेची वाट बघू लागले, दिवसभरात घडलेलं तिला सांगू लागले. घरात कुणी नसलं तरी आपल्या हातचं कुणीतरी पितंय, एवढं म्हातारपणी पुष्कळ होतं.

हे सगळं केयूरला सांगितलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं, मी चार शब्द सुनावले असते. तो डॉक्टरकडे न्यायच्या आवाजात म्हणाला, “चल, दाखव. आवाज आला तर पिशवी मी स्वतः आत ठेवतो. नाही आला, तर गुपचूप गाडीवर बसायचं.”

“बोलल्यावर फिरायचं नाही.”

“नाही फिरत.”

आम्ही मागे गेलो. काळोख उतरत होता. बिल्डिंगांच्या खिडक्या उजळल्या होत्या, पण त्या उजेडाने वाडीतला काळोख हटत नाही. केळीच्या बुंध्यांच्या कुजक्या सोपटांचा वास सुटला होता. केयूरने बूट काढले, पँट वर दुमडली, फावड्याने पाट मोकळा केला. लहानपणचं काम, हात विसरला नव्हता. पाणी भरलं. मी मोटर बंद केली.

तो आळ्यात उतरला, घोट्यापर्यंत पाण्यात.

“बोलाव तुझ्या सुकटला.”

केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

लप…

त्याची मान वळली.

लप… लप…

“बेडूक असेल,” तो म्हणाला. मग पुटपुटला, “आई… पायाला चाटतंय काहीतरी.”

मी विहिरीच्या पायरीवरून उठले. पहिल्यांदाच जवळ जात होते. ओल्या केसांचा तो ओळखीचा वास मी शोधत होते. तो नव्हता. खूप खोलवरची माती उकरल्यावर येतो, तसा वास होता.

“गरम आहे जीभ,” केयूर म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. “ओळखलं गं तिने मला. राहा तू इथे, मी परत नाही म्हणणार. पिशवी ठेवतो आत.” आणि तिला कुरवाळायला तो खाली वाकला.

मी जिंकले होते. पण मी माझ्या पायाशी बघत होते. तिथलं, विहिरीकडचं आळं काठोकाठ भरलेलं होतं. पाण्यात वरच्या खिडक्यांचे उजेड दिसत होते, एकही हलत नव्हता.

लप… लप… लप…

“हात घालू नकोस, केयूर… सुकट इथे माझ्या पायाशी आहे, तू उभा आहेस त्या आळ्यात मी अजून कुणालाच पुरलेलं नाही.”