गरुड कुणाकडे बघत होता

ताईच्या पुस्तकात एकच पान कोरं होतं. शिकारी पक्ष्यांचे फोटो काढण्यात तिची अठरा वर्षं गेली. ससाणे झाले, घारी झाल्या, घुबडंसुद्धा झाली. राहिला तो डोंगरी गरुड, आणि तोही कसा हवा, तर थेट कॅमेऱ्यात बघणारा! पुढच्या वर्षी तिचे गुडघे चढू देणार नव्हते. म्हणून मी, लग्नाचे फोटो काढून पोट भरणारा तिचा धाकटा भाऊ, दोन दिवस तिची बोलणी खात त्या कड्यापर्यंत आलो होतो.

कड्याच्या मध्यावर एक अरुंद कपार. मागे झुडपांचा चढत गेलेला उतार, पुढे तुटलेला कडा आणि उतरायला आम्हीच बांधलेला दोर. तिथं कापडी आडोसा उभारून सकाळपासून बसलो होतो. हाकेच्या अंतरावर, दरीपलीकडच्या सुळक्यावर गरुड होता. धुकं विरळ झालेलं. पण दुपारी पाखरं एकाएकी गप्प झाली, ते मला मुळीच आवडलं नव्हतं.

तीसेक फोटो झाले. ताईनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर पहिला पाहिला आणि नाक मुरडलं.

“पिसं छान आलीत. उजेड बरा आहे. पण नजर आपल्या डोक्यावरून गेलीय. पुसून टाक.”

“पुढचा तरी बघ!”

“हाही तसाच. नवरीचे फोटोही असेच काढतोस का रे?”

मी चिडलो. “मग गरुडाला ‘जरा इकडे बघा’ म्हणू का?”

आणि त्यानं खरंच इकडे बघितलं! थेट काचेत! मी बटण दाबलं.

“मिळाला, ताई! आता बोल!”

ताई फोटो एकामागून एक सरकवत होती.

“हा बाराचा, मान वर. हा एकचा, थोडी खाली. हा दोनचा, आणखी खाली.” तिनं पडदा माझ्यापुढे धरला. “तो आपल्याकडे बघत नाहीये रे. मागच्या उतारावरून काहीतरी खाली येतंय, त्याच्याकडे बघतोय. आता ते इथं आलंय.”

माझ्या खांद्याशी मागचं कापड हळूच आत दबलं. वारा नव्हता. उग्र वास आला. माझी तर पाचावर धारण बसली!

“उतर, ताई!”

ताईनं दोर धरला, मागोमाग मी. कॅमेरा गळ्यात, बाकी सामान तिथंच. वर कापड टर्रकन फाटलं! वर बघायची छाती होईना, म्हणून मी गरुडाकडे पाहिलं. त्याची मान कपारीकडे होती. मग ती खाली झुकू लागली. आमच्याकडे!

“ताई, लवकर!”

एक दगड कानाजवळून गेला. तळहात सोलले. पाय जमिनीला लागले, तेव्हा ती मान थबकली. बराच वेळ तशीच राहिली. मग सावकाश वर गेली.

“गेलं,” ताई म्हणाली आणि मटकन खाली बसली. मला रडू फुटलं, लाजायचं काय त्यात!

ते काय होतं, आजवर कळलेलं नाही. कोणी बिबट्या म्हणतं, कोणी अस्वल.

घरी मोठ्या पडद्यावर शेवटचा फोटो लावला. नजर थेट, कुठं नाव ठेवायला जागा नाही. ताईनं तो बाजूला सारला.

“वेडी आहेस का? ह्याच्यापायी मरता मरता वाचलो!”

“पुस्तक बघणाऱ्याला वाटेल, गरुड त्याच्याकडे बघतोय. ते खोटं आहे.”

कोऱ्या पानावर तिनं पुसायला सांगितलेलेच फोटो छापले, लहान लहान, वेळेच्या क्रमानं. शेवटच्या फोटोची जागा तेवढी मोकळी ठेवली. पुस्तक चाळणारा त्या जागेपाशी आला, की हमखास मागे वळून बघतो. मीही बघतो.