दुसरी चिठ्ठी

सात रस्त्याजवळच्या त्या लॅबमध्ये येणारा माणूस एक तर घाबरलेला असतो, नाहीतर उपाशी. अभिमन्यू यातला काहीच नव्हता. तो आईला घेऊन आला होता. आईची उपाशीपोटीची साखर तपासून झाली, मोडनिंबहून बांधून आणलेली भाकरी तिनं बाकावर बसून खाल्ली, आणि आता दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं होतं. आई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. मुलगा काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला.

"मॅडम, एक गंमत दाखवू?"

काउंटरमागच्या राजेश्वरीनं मान वर केली नाही. "गंमत नको. आईंचा फॉर्म भरा आधी."

त्यानं फॉर्म भरला, चांगला वेळ लावून. मग तिच्याच टेबलावरच्या तीन वस्तू ओळीनं मांडल्या – पेन, कपाटाची किल्ली आणि खोडरबर.

"यातलं एक उचला. कुठलंही. माझी जबरदस्ती नाही."

"मला कामं आहेत."

"तुम्ही उचलेपर्यंत मी हलत नाही. आणि मागं रांग लागलीय बघा."

रांग खरंच लागली होती. तिनं वैतागून किल्ली उचलली.

"आता आईच्या टोकनाचा कागद उलटा करा."

कागदाच्या मागं बारीक अक्षरात लिहिलं होतं – 'मॅडम किल्ली उचलणार. वैतागून.'

आता सांगा, अशा वेळी माणसानं हसायचं नाही तर काय करायचं? ती हसली, आणि तिथंच फसली. बाकावर त्याच्या आईनं, म्हाळसाबाईंनी, एक डोळा उघडला.

"पोरी, ह्येच्या नादी लागू नगंस. शाळेत बी असंच करायचा. मास्तर लई मारायचे."

नादी लागू नको म्हटल्यावर कोण ऐकतं का? पुढच्या आठवड्यात स्वारी स्वतःचं हिमोग्लोबिन तपासायला हजर. त्याच्या पुढच्या आठवड्यात थायरॉइड. मग बी-ट्वेल्व्ह. ठिबकच्या नळ्या विकायची नोकरी होती त्याची. तालुक्याच्या दुकानदारांना काडेपेटी, बिल्ला, सुतळी, जे हाताशी येईल त्यावर असल्या गमती दाखवायच्या आणि ऑर्डर घ्यायची, हा त्याचा धंदा. पण रक्त तपासून कुणाची ऑर्डर मिळत नाही, हे राजेश्वरीलाही कळत होतं की.

"आता तुमची एकच तपासणी राहिलीय," ती चौथ्या खेपेला म्हणाली.

"कुठली?"

"गरोदरपणाची."

तो कानापर्यंत लाल झाला. मग हळूच म्हणाला, "मग... बाहेर चहाला चला. डोहाळे लागलेत."

चहाच्या टपरीवर त्यांचे दिवस भराभर गेले. जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं, दोन कटिंग, आणि मध्ये कधी एसटीचं तिकीट, कधी विझलेल्या काड्या. ती मनात आकडा धरायची, तो सांगायचा. आकडा सांगायच्या आधी डाव्या कानाची पाळी ओढायचा, आणि तिला आकड्यापेक्षा त्या कानाचीच वाट असायची. परतीच्या पावसात एकदा टपरीचा ताडपत्रीचा कोपरा दोघांच्या अंगावर रिकामा झाला. त्यानं तिचा चष्मा काढून घेतला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि तिच्या नाकावर पुन्हा नीट बसवला... त्या दिवसापासून 'तुम्ही' गेलं आणि 'तू' आलं.

"मला शिकव ना," ती तीन महिने मागं लागली होती.

शेवटी त्यानं सांगितलं. "सगळी उत्तरं आधीच लिहून ठेवलेली असतात. त्या दिवशी पेन उचललं असतंस तर रजिस्टरखालची चिठ्ठी दाखवली असती. खोडरबर उचललं असतंस तर माझा तळहात. दाखवायचं एकच. बाकीचं गुपचूप खिशात."

"म्हणजे तुला मनातलं काहीच कळत नाही?"

"काहीच नाही. चुकायचं नाही, एवढीच तयारी."

ती पोट धरून हसली. खरं तर तिथंच तिनं थांबून विचार करायला हवा होता. पण प्रेमात पडलेल्या माणसाला कुठलं एवढं सुचतं?

आणि विचाराला वेळही नव्हता. घरात कलबुर्गीचं स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, घर चांगलं, आपल्यातलंच. तिचे अण्णा, शिवप्पा, चादरीच्या दुकानात दिवसभर बोलून घरी गप्प राहणारे गृहस्थ. त्यांनी एवढंच म्हटलं होतं की दिवाळीनंतर होकार कळवू.

"तू आमच्यातला नाहीस," ती अभिमन्यूला म्हणाली. "घरात वादळ होणार. पण तू एकदा अण्णांसमोर येऊन बोल. तू बोललास की मी बोलते. मग काय व्हायचं ते होऊ दे."

तो बराच वेळ ग्लासाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "गुरुवारी इडली खायला ये. कोपऱ्यावरच्या हॉटेलात."

गुरुवारी ती गेली. टेबलावर इडली-चटणी आली होती, दोन कॉफ्या वाफाळत होत्या. त्याचा चेहरा मात्र उतरला होता.

"मनात एक उत्तर धर," तो म्हणाला. "हो किंवा नाही. प्रश्न असा... माझ्याशी लग्न करशील?"

तिनं चष्मा सारखा केला. "धरलं."

"सांग."

"हो."

"बशी उचल."

बशीखाली चिठ्ठी होती – 'हो म्हणणार, माहीत होतं. रविवारी अण्णांकडं येतो, आईला घेऊन.' राजेश्वरीनं ती चिठ्ठी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनात. अभिमन्यू हात धुवायला उठला. गेला तेव्हा त्याची चाल बदलली होती, शीळ वाजवायचं तेवढं राहिलं होतं.

आणि मग, आता युक्ती ठाऊक होती ना, म्हणून गंमत म्हणून तिनं चटणीची वाटी उचलून बघितली.

वाटीखाली दुसरी चिठ्ठी होती. घडी जास्त नीट घातलेली, अक्षर जास्त सुबक. 'नाही म्हणणार, माहीत होतं. अगं, गंमत केली. मनावर घेऊ नकोस. चहा चालू राहू दे.'

तो आला तेव्हा ती चिठ्ठी तिच्यासमोर उघडी पडली होती.

"ही... ही तर खेळाची रीत आहे राजू," तो बसता बसता म्हणाला.

"हा खेळ होता?"

"नव्हता. पण तू नाही म्हणाली असतीस तर? मी कुठं तोंड दाखवलं असतं? भीती वाटली गं मला."

"मला वाटत नव्हती?" तिचा आवाज कापला. "मी अण्णांशी भांडायला निघाले होते अभी. माझ्याकडं कुठं दुसरी चिठ्ठी होती? तू माझ्यावर प्रेम केलंस, आणि ती गंमत होती म्हणायची सोयही करून ठेवलीस."

इडल्या गार झाल्या. शेवटी तिनंच दोन्ही चिठ्ठ्यांचे तुकडे केले.

"ये रविवारी," ती म्हणाली. "पण रिकाम्या हातानं ये. सांगायचंय ते सरळ सांग. अण्णा नाही म्हणाले तर दोघं मिळून ऐकू."

"येतो," तो म्हणाला. "शप्पथ."

शुक्रवार, शनिवार ती घरात नुसती हवेत तरंगत होती. रविवारी सकाळी अकराला बेल वाजली. राजेश्वरीनं उप्पीट झाकून ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. म्हाळसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. हातातल्या पिशवीतून नारळाची शेंडी दिसत होती. त्यांच्यामागून इस्त्रीच्या शर्टात अभिमन्यू आत आला. त्याच्या काखेत लॅबची निळी फाईल होती.

फाईल बघितली मात्र, तिला सगळं कळून चुकलं, त्यानं तोंड उघडायच्या आधीच.

"बसा," अण्णा म्हणाले. "काय काम काढलंत?"

अभिमन्यूनं अण्णांच्या कपाळावरची विभूती बघितली, भिंतीवरचे फोटो बघितले, स्वतःच्या बुटांकडं बघितलं. "काका, मी... आईचा रिपोर्ट होता. मॅडमना दाखवायचा होता. रविवारी लॅब बंद असते ना, म्हणून."

म्हाळसाबाईंनी लेकाकडं पाहिलं. मग पिशवी हळूच पदराआड घेतली.

राजेश्वरी पुढं आली. तिनं फाईल घेतली, उघडली आणि वाचून दाखवली. "साखर आटोक्यात आहे. पथ्य चालू ठेवा." आवाज जरासुद्धा हलला नाही, आणि त्याचाच पुढं किती दिवस तिला राग येत राहिला. तिनं फाईल परत दिली तेव्हा त्यानं वर बघितलं. तू बोल ना, असं ते बघणं होतं. तीही तसंच बघत होती – आधी तू. एक वाक्य हवं होतं, कुणाचंही चाललं असतं. अण्णा समोरच बसले होते, रागावलेलेसुद्धा नव्हते. पण तिनं सांगितलं होतं ना, तू बोललास की मी बोलते. तो बोलला नाही. मग ती कशी बोलणार?

मायलेकांनी उप्पीट खाल्लं. चांगलं झालंय म्हणाले. उठले.

दारात म्हाळसाबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "म्या बोलले असते गं," त्या अगदी हळू म्हणाल्या, "पर ह्ये त्येनंच बोलायचं असतंय." त्या जिना उतरल्या. अभिमन्यू खाली गाडीपाशी किल्ली शोधत बराच वेळ उभा राहिला. ती खिडकीत होती. तिनं हाक मारली असती तर तो जिना चढून आला असता, याची तिला आजही खात्री आहे.

गाडी गेली. अण्णांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढला.

"कोण गं ही माणसं?" ते नेहमीपेक्षा मऊ आवाजात म्हणाले. "रिपोर्ट दाखवायला कुणी नारळ घेऊन येतं का? राजी, काही सांगायचंय का तुला?"

एवढ्या वर्षांत अण्णांनी असं कधी विचारलं नव्हतं. जिच्याकडं दुसरी चिठ्ठी नव्हती, ती राजेश्वरी वडिलांकडं बघून छान हसली.

"पेशंट आहेत, अण्णा. सिद्धेश्वराला निघाले असतील दर्शनाला."

किती पटकन सुचलं तिला. क्षणभरसुद्धा अडखळली नाही.

अण्णांनी तिच्याकडं थोडा वेळ बघितलं, मान हलवली, आणि दुपारच्या जेवणानंतर कलबुर्गीला फोन लावला. राजेश्वरी मोरीत बश्या विसळत होती. अण्णांचा शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता. तिनं नळ मोठा सोडला.